नानाचा खटका

नाना फौजेतून सुटून घरी आला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीत कपडे थोडे आणि तारा जास्त होत्या. मायनं उघडी पेटी पाहिली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "लोकं फौजेतून घोंगड्या आणतेत, डबे आणतेत. भावजीनं भंगार आणलं." नाना नुसता हसला. तो माझा धाकटा चुलता, दादांच्या पाठचा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नाना पलटणीत बिनतारी खात्यात होता आणि तोफांच्या आवाजानं त्याचा डावा कान गेला म्हणून त्याला लवकर सोडलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिशी आली तरी त्यानं लग्न केलं नव्हतं. गावाची पहिली शंका तिथूनच सुरू झाली.

ते दुष्काळाचे दिवस होते. घरची ज्वारी कधीच संपली होती. रेशनावर मिलो मिळायची, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी तव्यावर चिरायची आणि घशात अडकायची. माय तिच्यात मूठभर हुलग्याचं पीठ मिसळायची, म्हणजे निदान हाताला धरवत असे. सोबत कारळाची चटणी, कधी रानातल्या तरवट्याचा पाला. सकाळी आम्ही मायलेकी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. दुपारी तिथे खायला सुकडी, गोड कोरडं पीठ, मिळायची, ती मी पदराच्या टोकाला बांधून घरी आणायची, कारण सगळ्यांसमोर तोंड हलवायची मला लाज वाटे. मला सगळ्याचीच लाज वाटे. चौथी झाली आणि गावात पुढची शाळा नव्हती, तेव्हा इतर पोरी रडल्या. मला मात्र बरं वाटलं, की आता फळ्यापाशी उभं राहायला नको.

दादा सोसायटीच्या गोदामावर चारा तोलायच्या कामाला होते. जनावरं जगवायला सरकारातून कडबा यायचा, तो ट्रकनं घाटनांदूरहून आमच्या सोसायटीत उतरायचा आणि कार्डावर वाटला जायचा. ट्रक कधी येणार ते चेअरमनला कळायचं आणि चेअरमन आदल्या दिवशी दादांना सांगून ठेवायचे, तेही कानात. गर्दी होते, रेटारेटी होते, म्हणून बाहेर बोलायचं नाही असा दंडक होता. आणि तरीही दोन वेळा असं झालं की ट्रक येण्याआधीच माळावरचे मेंढरंवाले गोदामाच्या दारात दोऱ्या घेऊन बसलेले. कुणी सांगितलं, हा प्रश्न गावात फिरायला लागला आणि फिरत फिरत आमच्या ओसरीपाशी येऊन थांबला. ट्रकची बातमी ज्या घरात आधी येते त्याच घरात बिनतारीवाला भाऊ राहतो. दोन आणि दोन चार करायला कुणाला शाळा लागत नाही.

नानानं ओसरीच्या कोपऱ्यात आपला संसार मांडला होता. जुन्या बाजारातून आणलेला, फौजेनं मोडीत काढलेला एक काळा रिसीव्हर, लॉरीची बॅटरी, आणि दारापुढच्या दोन बांबूंना ताणलेली तांब्याची तार. बॅटरी भरायला तो सायकलवर बांधून घाटनांदूरला न्यायचा. दिवेलागणीला कानाला हेडफोन लावून तो बसला की त्या डब्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा, तुटक तुटक. जगात कुठं कुठं बसलेली हौशी माणसं एकमेकांशी अशी बोलतात, असं तो सांगायचा. त्यांना तो पत्र टाकून कळवायचा, की तुमचा आवाज मला अमुक दिवशी ऐकू आला. आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिकडून रंगीत कार्ड यायचं. जपानचं आलं, रशियाचं आलं. पोस्टमन ते कार्ड आधी पारावर दाखवायचा आणि मग आमच्या घरी आणायचा.

हेडफोनला दोन वाट्या. नानाचा डावा कान कामाचा नव्हता म्हणून डावी वाटी रिकामीच असायची. ती एके दिवशी त्यानं माझ्या कानाला लावली. मी दाराआड उभी राहून ऐकते हे त्याला कळलं होतं. "ये की. दाराला काय ऐकू येतंय?" म्हणाला.

त्याला परीक्षा द्यायची होती, हैदराबादला. ती पास झाली तर सरकारचं लायसन मिळणार होतं, मग त्याला स्वतः पाठवायचं यंत्र ठेवता येणार होतं. तोपर्यंत नुसतं ऐकायचं. पण परीक्षेत खटका मारूनही दाखवावा लागतो, त्यासाठी रोज सराव पाहिजे. करवतीच्या तुटक्या पात्याचा त्यानं खटका केला होता, लाकडाच्या फळीवर, दाबायला कपाटाची मूठ. एक सेल आणि बझर जोडला की खटका दाबेपर्यंत आवाज. थोडं दाबलं की डिट, जास्त दाबलं की डा. असाच एक खटका त्यानं माझ्यासाठी केला आणि कोनाड्यातल्या भोकातून तार स्वयंपाकघरात ओढली. तो ओसरीवर, मी चुलीपाशी, मधे मातीची भिंत. इंग्रजी अक्षरं मला येत नव्हती. ती पाचवीत शिकवतात. म्हणून त्यानं सगळं मराठीत बसवलं. न म्हणजे डा-डिट, म म्हणजे डा-डा, काना-वेलांटीला वेगळी खूण, जोडाक्षर फोडून पाठवायचं. मी सुरू करा म्हणून 'क' मारायची, डा-डिट-डा, आणि मग तो पाठवायचा, मी पाटीवर लिहायची. "पाणी आण." "मिलो खपली का?" "माय रागावली?" असलंच काहीतरी. मी हसायची, आणि माझं हसणं भिंतीपलीकडे कुणाला दिसत नव्हतं.

एक नियम त्यानं पहिल्या दिवशी घालून दिला. "कौशे, जे ऐकू आलं तेच लिहायचं. सुटलं तं जागा मोकळी सोड. मनानं भरायचं न्हाई, मनानं गाळायचं न्हाई. अर्धं ऐकून पुढलं वळखायला गेलीस का फसलीस." ते माझ्या हाडात बसलं. महिनाभरात मी त्याच्या वेगाला पोचले. शाळेत मला कुणी कधी हुशार म्हटलं नव्हतं. खडी फोडतानासुद्धा माझा हातोडा अक्षरं पाडायचा आणि मुकादम ओरडायचा, "ए पोरी, ठेका कावून धरलास? लग्नात आलीस का?"

आता मोबाईलवर ही डिट-डा शिकवणारं ॲप मिळतं. माझ्या मुलीनं ते मला लावून दिलं, तिला वाटलं मी खूश होईन. अक्षरं मला सगळी ओळखू आली. पण तो आवाज एकसारखा, घोटलेला. माणूस खटका मारतो तेव्हा त्याचा हात कळतो. नानाचा शेवटचा डा जरा लांबायचा, पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखा. माझा हात घाईचा, असं तो म्हणायचा. दमलेला हात, रागावलेला हात, सगळं ऐकू येतं. मी ते ॲप दोन दिवसांनी बंद केलं.

एके सकाळी सायकलवरून पोलीस आला. लायसनच्या अर्जावर सरकार आधी माणसाची चौकशी करतं, गावातल्या जबाबदार माणसानं सही करून खात्री द्यावी लागते, एवढीच गोष्ट होती. पण पोलिसानं पारावर विचारलं, "तो बिनतारीवाला पांडुरंग कुठं राहतो?" आणि गाव समजायचं ते समजलं. सही करायची होती चेअरमनला. ते म्हणाले, चार लोकांसमोर यंत्र बघतो, मग करतो. पोलीस म्हणाला, परवा येऊन कागद नेतो. नानाच्या लायसनचा सगळा जीव त्या एका सहीत अडकला.

ते दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. दादा जेवताना ताटाकडे बघून म्हणाले, "पांडू, मी घरात बोलतो ते तुझ्या कानावर पडतं. मी काय इचारत न्हाई. पर पडतं ना?" नाना म्हणाला, "माझा एकच कान चालतो दादा, आन तो हेडफोनमधी असतो." दादा हसले नाहीत. माय मला परसात गाठून म्हणाली, "तो तुला शिकवतो ते तुला तरी कळतंय का? का पोपटावाणी लिहितीस?" मी म्हटलं, कळतं. "समदं कळतं?" सगळं कुठं कळत होतं? डब्यातून यायचं ते इंग्रजीत. त्याच दिवशी नाना पाण्याला गेला तेव्हा मी डब्याची मागची फळी सरकवून आत पाहिलं. काचेचे दिवे होते, तारा होत्या, धूळ होती. मला कळावं असं त्यात काहीच नव्हतं, म्हणून शंका मिटली नाही. बांबूवरची तार माळाच्या दिशेनंच ताणलेली आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ती आधीपासून तशीच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात दहा-बारा माणसं बसली. चेअरमन बाजेवर, शेजारी शाळेचे गुरुजी, पलीकडे पोलीस, आणि कडेला उकिडवा बसलेला माळावरचा बिरू आप्पा, त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मायनं चहा केला, गुळाचा, बिनदुधाचा. आम्ही दोघी ओसरीच्या दाराला लावलेल्या पडद्याआड.

"हे काय यंत्र हाय?" चेअरमननी विचारलं.

"रेडिओच हाय मालक. लांबचं ऐकू येतं."

"ऐकायचंच हाय तं खटका कशाला? तू कानानं ऐकतोस का बोटानं?"

लोक हसले. नाना म्हणाला, "परीक्षेसाठी हात बसवावा लागतो. त्याचा आवाज घरातल्या घरात. बाहेर कायबी जात न्हाई. लायसन मिळाल्यावर मंग पाठवता येईल."

"पाठवता येईल म्हणतो! लिहून घ्या गुरुजी."

बिरू आप्पानं हात जोडले. "मालक, आमी माळावर बसतो. घाटनांदूरकून गाडी निघाली का धुरळा दिसतो. त्याला यंत्र कशाला लागतंय?"

"तू गप बस बे," चेअरमन म्हणाले. "तुला तं समदं आधीच कळतंय."

तेवढ्यात नानाच मधे बोलला. तो म्हणाला, "मालक, तुमीच परीक्षा घ्या. माझ्या कानात कायबी सांगा. मी खटका मारतो. आत माझी पुतणी पाटीवर लिहील. मी एकबी अक्षर इकडचं तिकडं करत न्हाई हे तुमाला दिसंल." दादांचा चेहरा पडद्याच्या फटीतून मला दिसला. पोरीला हे शिकवलं आहे हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. "पोरीला?" कुणीतरी म्हणालं. "पोरीला बिनतारी?" मायनं माझा दंड असा धरला की नखं रुतली. मग तिनंच पाटी माझ्या हातात दिली. "लिही आता. न्हाईतं तो खोटा पडंल," ती कुजबुजली.

मी चुलीपाशी जाऊन बसले. चेअरमन नानाच्या कानाशी वाकले असतील, मला दिसत नव्हतं. सुरू करा म्हणून मी 'क' मारला. रोज मारायची तसाच, पण हात कापत होता आणि मधला डिट दोनदा पडला. क्षणभर काही आलं नाही. मग नानाचा खटका सुरू झाला, एकेक अक्षर सुटं, नेहमीपेक्षा हळू. मी लिहीत गेले. तो थांबला. मी पेन्सिल उचलली. थोडा वेळ गेला आणि पुन्हा सहा-सात अक्षरं आली, अगदी मऊ. तीही मी लिहिली. आवाज बंद झाला. मायनं पाटी पडद्याखालून बाहेर सरकवली.

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. "माझ्या आईचं माहेर धर्मापुरी."

अंगणात एकदम गलका झाला. "खरं का मालक?" "हेच सांगितलं का?" चेअरमनसुद्धा बाजेवर सरळ बसले. "हेच," ते म्हणाले. "ही गोष्ट ह्या गावात कुणाला म्हाईत न्हाई." त्या क्षणी मला जे वाटलं ते पुढे लग्नात नाही वाटलं, पोरं झाली तेव्हाही नाही. माय माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मी कुणी वेगळीच होते.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "खाली अजून हाय. भिऊ नको."

"काय?"

"भिऊ नको. असं लिहिलंय."

"हे म्यां न्हाई सांगितलं," चेअरमन म्हणाले.

नाना पटकन बोलला, "ते माझं हाय मालक. लेकरू भ्यालं होतं, म्हणून धीर दिला."

"मधी भिंत हाय. ती भ्याली हे तुला कसं दिसलं?"

"दिसलं न्हाई. तिनं सुरुवातीला खूण मारली, तिचा हात कापत होता. हात ऐकू येतो."

चेअरमन उठून उभे राहिले, आणि आवाज न चढवता बोलले. तेच जास्त वाईट होतं. "म्हंजे ती बी बोलली. आमी बारा माणसं इथं डोळे उघडे ठिवून बसलो, आन आमच्या नाकासमोर तुमी दोघं एकमेकांशी बोललात, आन आमाला पत्ता न्हाई. म्यां सांगितलं तेवढं गेलं, त्याच्या मागून तुझं बी गेलं. मंग दादा घरात गाडीचं बोलतो, त्याच्या मागून काय काय जात असंल?"

"मालक, ती तार भिंतीपलीकडं संपते. हात लावून बघा."

"मला काय कळतंय त्यातलं? भिंतीपलीकडं गेलं ना? मंग माळ किती लांब हाय?"

पोलिसाच्या कागदावर त्यांनी लिहून दिलं, की या माणसाची खात्री देता येत नाही. पोलिसानं तो कागद घडी करून खिशात घातला आणि उरलेला चहा पिऊन तो गेला. लोकही गेले. बिरू आप्पा तेवढा जाताना पडद्याकडे तोंड करून म्हणाला, "पोरगी लई हुशार हाय." हे ऐकून माय रडायला लागली.

किती वर्षं झाली, माझे हात आता भाकरी थापतानाही कापतात. तेवढी दोन शब्दांची ओळ मी गाळली असती तर? धर्मापुरीपाशी पेन्सिल खाली ठेवली असती तर? पण मला तसं शिकवलंच नव्हतं. आलं ते लिहायचं. नानाही आठ-दहा पोथ्या वाचल्यासारखा शहाणा माणूस, त्यालाही सुचलं नाही की आज तेवढं मुकं राहावं. माझा कापरा हात त्याला ऐकू आला आणि त्याला राहवलं नाही. पुढच्या ट्रकलाही मेंढरंवाले आधी येऊन बसलेच. तेव्हा आमच्या दारात तार नव्हती. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

दादांनी त्याच दुपारी एक बांबू उपटला. दुसऱ्यापाशी गेले आणि तिथेच थांबले. "पांडू, मला ह्या गावात राहायचं हाय," ते म्हणाले. नाना म्हणाला, "राहा दादा. मी काढतो." दुसऱ्या दिवशी तो अंबाजोगाईला जाणार होता. तिथे एका दुकानात रेडिओ दुरुस्तीचं काम मिळेल असं त्याला वाटत होतं. मायनं वाटेसाठी मिलोच्या तीन भाकरी बांधल्या आणि घरातला उरलासुरला गूळ त्यात घातला. सकाळी मी ते गाठोडं त्याला द्यायला बाहेर गेले.

तो अंगणात तांब्याची तार गुंडाळत होता. लांब तार, मोकळी सोडली की गाठी पडतात, म्हणून दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. त्यानं ते मला धरायला दिलं. मी एकेक पाऊल पुढे जात होते आणि तो कोपर आणि अंगठ्यामधे वेढे घेत होता. "रडू नको," तो म्हणाला. "एकबी अक्षर चुकली न्हाईस. पलटणीत असतीस तं बढती दिली असती." मी रडत नव्हते. डबा उघडून पाहिल्यापासूनची शंका डोक्यात फिरत होती. त्याच्यापासून चार हातांवर आले तेव्हा मी हळूच विचारलं, "नाना, माळावरल्यायला गाडीचं तू कळवत न्हव्हतास ना?"

त्याचा हात थांबला. चेअरमनसमोर तो भांडला होता, दादांसमोर हसण्यावारी नेलं होतं. माझ्यासमोर तो भांडलाही नाही आणि हसलाही नाही.

"ह्यातून घराबाहेर कायबी जात न्हाई, हे तुला म्हाईत हाय," तो म्हणाला. "गावात एकल्या तुलाच म्हाईत हाय."

"हां."

"मंग कावून इचारलीस?"

त्याचं उत्तर मी अजून शोधते. त्यानं पुढे येऊन माझ्या मुठीतून तारेचं टोक सोडवून घेतलं.

"दे," म्हणाला. "राहिलेली मी एकटा गुंडाळतो."